सात प्रतिध्वनी

कार्ल्याची लेणी मी पहिल्यांदा पाहिली, त्याच्या अकरा वर्षं आधीपासून मी ती पाहिलेली होती. म्हणजे वर्गात मी तसं सांगत होते.

झालं असं, की लग्न होऊन मी डोंबिवलीची ठाण्याच्या कोपरीला आले आणि वर्षभरात तिथल्याच एका शाळेत नोकरीला लागले. सहावीचा इतिहास माझ्याकडे आला. त्यात प्राचीन व्यापारी मार्गांचा धडा होता आणि तो मला मनापासून आवडायचा. मी फळ्यावर कल्याण बंदर काढायची, बंदरात शिडाची गलबतं, तिथून निघालेली बैलांची रांग, मग बोरघाट, आणि घाट चढून गेल्यावर डोंगरात कोरलेलं कार्ल्याचं चैत्यगृह. मुलांना मोठी गंमत वाटायची, कारण ज्या कल्याणला त्यांची आत्या नाहीतर मावशी राहायची, त्या कल्याणचा माल दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापार जात होता.

पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “बाई, तुम्ही गेलेलात का तिकडे?”

प्रश्न साधा होता. माझा स्वभाव साधा नाही. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “गेलेलात का म्हणजे? दोनदा!”

दोनदा का म्हणाले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा म्हणाले असते तरी भागलं असतं.

खोटं एकदा बोललं की त्याची निगा राखावी लागते. दुसऱ्या वर्षी मी त्यात लेण्यांचा एक म्हातारा राखणदार घातला, त्याने मला गूळपाणी दिलं. तिसऱ्या वर्षी वाटेत साप आला. चौथ्या वर्षी मी पायरीवरून घसरले आणि पुरावा म्हणून हनुवटीखालची जुनी खूण मुलांना दाखवली. ती खूण खरं तर माहेरी मोरीच्या काठावर आपटून झालेली, मी तेव्हा पाच वर्षांची होते. पाचव्या वर्षी मात्र मी कळस केला. म्हटलं, “चैत्यगृहात मधोमध उभं राहून टाळी वाजवली, की ती सात वेळा परत येते.” सहा का नाही, आठ का नाही, ते विचारू नका. सात म्हटलं की मुलांना पटतं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली आणि मला अशी काही धन्यता वाटली, की त्यानंतर दर वर्षी मी ही टाळी धड्याच्या शेवटी ठेवू लागले.

मग प्रत्यक्ष जाऊन का नाही आले? सुरुवातीला सवड नव्हती. दोन मुलं, सासूबाईंचे डोळे, आणि मे महिना आला की नवऱ्याच्या कोकणातल्या घरी फणस फोडायची ड्यूटी. पुढे सवड झाली, पण आता जाणार कुणाबरोबर? जिथे माणूस दोनदा जाऊन आलंय तिथे ते पहिल्यांदा कसं जाणार? कोपरीत शिंकलं तरी कळव्यापर्यंत बातमी जाते.

आमच्या दारावर मासे घेऊन एक कोळीण यायची. सगळी आळी तिला मावशी म्हणायची. मी मूळच्या देशावरच्या शाकाहारी घरातली, त्यामुळे पापलेट ताजं की शिळं हे गालफडं उघडून बघायला मला तिनेच शिकवलं होतं, आणि शिकवल्याबद्दल पुढची सगळी वर्षं ती मला अधूनमधून शिळं देऊन माझी परीक्षाही घ्यायची. मी पकडलं की खूश व्हायची. तिची नात माझ्याच शाळेत. सहावीत माझ्या वर्गात होती, आणि मी सांगतेय त्या वर्षी आठवीत गेलेली. मुलगी अबोल, पण वही अशी की उघडून बघत राहावी.

चैत्रात कोळीवाड्यातली माणसं एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याच्या डोंगरावर जातात. ती त्यांची कुलदेवता. त्या वर्षी मावशीने टोपली उतरवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, “मास्तरीणबाय, या साली तू चल आमच्यासंगती. पोरां म्हनतात, बाईंना सगला डोंगर पाठ हाय. तुना सीट धरलीय. खिडकीची.”

मी म्हटलं, पेपर तपासायचेत. ती म्हणाली, पेपर अजून झालेच नाहीत, माझ्या नातीचाच व्हायचाय. मी म्हटलं, मला बस लागते. ती म्हणाली, लिंबू आणते. मी म्हटलं, सासूबाईंना विचारते. सासूबाई आतून म्हणाल्या, “जा गं, आईची ओटी भर माझ्याही नावाने.” नवरा पेपरातून तोंड वर न काढता म्हणाला, “जा की. तिसऱ्यांदा.” त्याला सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षं तो या एका गोष्टीवर फुकट करमणूक करून घेत होता.

हातात आठ दिवस होते. मी ठाण्यातल्या ग्रंथालयातून लेण्यांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला आणि परीक्षेला बसल्यासारखी वाचायला लागले. चैत्यगृहात सदतीस खांब. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा, नक्षीचे, डोक्यावर हत्ती आणि हत्तीवर बसलेली जोडपी. स्तूपाच्या मागे सात, साधे. नुसतं वाचून डोक्यात बसेना, तेव्हा शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात वाट्या मांडल्या. आमच्याकडे बावीस निघाल्या. पंधरा शेजारून आणल्या. मधे स्तूप म्हणून पातेलं उपडं घातलं आणि पदर खोचून मी वाट्यांच्या दोन रांगांमधून चालत पाठ म्हणू लागले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना तेव्हा फार स्पष्ट दिसत नसे, पण वाट्या दिसल्या. “अगं, सदतीस पानं उठणार आहेत आणि मला आत्ता सांगतेस?” त्या ओरडल्या. त्यांना समजावता समजावता नवरा चहासाठी आत आला आणि त्याने उजव्या बाजूचे चार खांब पाडले. “चैत्य आहे, चप्पल तरी काढा!” मी किंचाळले. त्या दिवशी चहा कुणालाच मिळाला नाही.

रविवारी पहाटे खोपटच्या आगारातून करारावर घेतलेली एसटी कोळीवाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. टीव्हीवरची सकाळची पौराणिक मालिका बुडणार म्हणून पुरुषमंडळी कुरकुरत होती, बायका नवी लुगडी नेसून, केसांत अबोली माळून बसल्या होत्या, आणि मागच्या सीटवर बँजो, ढोल आणि झांजा घेतलेली सहा माणसं. माझ्या शाळेची आठ-नऊ मुलं होती. मावशीची नात माझ्या मागच्याच सीटवर बसलेली.

कळवा, मुंब्रा, शीळ, पनवेल करत गाडी घाटाला लागली तशी मला राहवेना. मी उठून दांडा धरला आणि सांगायला लागले, की मुलांनो, आपण आत्ता त्याच वाटेने चाललोय. कल्याणला उतरलेला माल याच घाटाने देशावर चढायचा. कापड, मसाले, हस्तिदंत. एवढ्यात पुढच्या वळणावर एक मुलगा पिशवीत ओकला. मावशीने त्याच्या हातात लिंबू दिलं आणि मला म्हणाली, “तू सांग, तू सांग. मंग, ते येपारी वाटेत थांबायचे कुठं?”

“लेण्यांमध्ये. भिक्षू असायचे तिथे. पाणी, आसरा मिळायचा. म्हणून व्यापारी दान द्यायचे. कुणी खांब, कुणी पाण्याचं टाकं.”

तिने विचार केला. “त्यांचा माल नासत नवता ना, म्हनून सुचलं दान,” ती म्हणाली. “आमचा माल दुपारी वास मारतो. आमी खांब कवा देनार?”

अख्खी गाडी हसली. इतकी वर्षं शिकवून हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि पुस्तकातही नव्हता.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली आणि माझी पहिली फजिती तिथेच झाली. मला चैत्यगृहाचा कोपरान् कोपरा पाठ होता, पण तिथवर जायचं कसं ते त्या जाड ग्रंथात कुठेही नव्हतं. मोठी माणसं सामान उतरवण्यात गुंतली आणि मुलं माझ्याकडे बघायला लागली. समोर पायऱ्या दिसल्या. “चला,” म्हणत मी तरातरा निघाले, मुलं माझ्यामागे. वीसेक पायऱ्या चढून वळले तर एका घराचं अंगण. एक बाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, “कोण पाहिजे?”

मी काही बोलणार, एवढ्यात खालून मावशीची हाक आली. “मास्तरीणबाय! तू मागल्या टायमाला आलीस तवा तिकडून वाट व्हती. आता हिकडून हाय!”

मला तिला मिठी मारावीशी वाटली. देवच पावला म्हणायचं, मनात आलं. मी मुलांना सांगितलं, “हो, बदललेली दिसतेय,” आणि पापडवाल्या बाईंची माफी मागून खाली आले.

खरी चढण सुरू झाली. पुढे बँजो, मधे टपावरून उतरवलेली आईची पालखी, मागे आम्ही. अर्ध्या वाटेत एका मुलाने विचारलं, “बाई, साप कुठे आलेला?” मी एका दगडाकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने विचारलं, “आणि तुम्ही पडलात ती पायरी?” मी दुसऱ्या एका पायरीकडे दाखवलं. ती पायरी बघायला सगळे गोळा झाले, एकाने तिला हातही लावला. माझ्या मागून मावशीची नात चढत होती. ती काही विचारत नव्हती. मधूनच ती दोन्ही तळहात एकमेकांवर घासायची, थंडीत घासतात तसे. चैत्राच्या उन्हात हे काय चाललंय, ते मला कळेना.

वर पोचलो आणि दुसरी फजिती. मी अकरा वर्षं फळ्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक सिंहस्तंभ काढत आले होते. ग्रंथातलं मी आतलंच पाठ केलेलं, बाहेरचं वाचलंच नव्हतं. इथे एकच, डाव्या हाताला. उजवीकडे, अगदी चैत्याच्या दाराला खेटून, एकवीरा आईचं देऊळ.

“बाई, दुसरा खांब?” पोरांनी लगेच पकडलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मावशीच म्हणाली, “आईने जागा मागितली, खांबाने दिली. पया पडा.” मुलं पाया पडली. मीही पडले. मनापासून पडले.

दर्शन झालं, ओट्या भरून झाल्या. आता लेणी. मला ठाऊक होतं आत काय होणार. झालंही तसंच. दारातून आत शिरल्या शिरल्या सहावीतला एक पोरगा ओरडला, “बाई, टाळी! सात वेळा!” आठ-नऊ पोरं मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात वर करून माझ्याकडे बघू लागली. अकरा वर्षांच्या सहाव्या इयत्ता मला डोळ्यांपुढे दिसू लागल्या.

“वाजवा रे!” बाहेरून मावशीचा आवाज आला.

मला वाटलं, ती मुलांना सांगतेय. पण तिने ते बँजोवाल्यांना सांगितलं होतं. दाराच्या तोंडाशीच ढोल, झांजा आणि बँजो असे काही सुरू झाले, की आत टाळी काय, तोफ वाजली असती तरी कळलं नसतं. मुलांनी दोन-चारदा टाळ्या पिटल्या, एकमेकांकडे बघितलं, आणि ताल ऐकून सगळी बाहेर नाचायला पळाली. मी एका खांबाला टेकले. अशी वेळेवर धावून येणारी माणसं नशिबानेच भेटतात, असं म्हणून मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा मी पहिल्यांदा ते पाहिलं.

मी खोटं बोलत होते तेव्हासुद्धा मला ते एवढं मोठं सांगता आलं नव्हतं. वर छताला लाकडाच्या कमानी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, खरोखरीच्या लाकडाच्या. दोन्हीकडे खांब आणि खांबांवर हत्तींवर बसलेली ती जोडपी, आरामात, कुठे घाई नसल्यासारखी. दारावरच्या मोठ्या गवाक्षातून उजेड येऊन थेट स्तूपावर पडलेला. आठ दिवस पाठ केलेलं सगळं मी विसरले. किती खांब, कुणाची कारकीर्द, काही आठवेना. मला रडू आलं, आणि बरोबर रागही आला, स्वतःचा. तीन तासांच्या वाटेवर हे होतं आणि मी ते अकरा वर्षं सापावर आणि गूळपाण्यावर भागवलं.

मावशी आत आली आणि मलाही खाली ओढून खांबापाशी, माझ्या कानाशी लागून फतकल मारून बसली. “चालीस वरसां येते,” ती म्हणाली, “पन आत आज शिरलेय. आमी भायेरच्या भायेर आईला भेटतो नि जातो. नारलं, पोरां, सैपाक, सवड कोनाला.” मग तिने खांबावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे काय लिवलंय?”

“दान देणाऱ्यांची नावं असतात,” मी डोळे पुसत म्हणाले. “हा खांब कुणी दिला, ते. व्यापारी असायचे, अत्तरवाले असायचे, एक सुतारही होता.”

“मावरेवाली कोनी नाय?”

ती मासेवालीबद्दल विचारत होती. इतक्या आशेने विचारत होती, की हो म्हणणं अगदी सोपं होतं. एक कोळीण मी तिथल्या तिथे निर्माण केली असती, तिला चांगलं नाव दिलं असतं, आणि मावशी ते नाव कोळीवाड्यात घरोघर सांगत फिरली असती. अकरा वर्षांचा सराव होता मला. पण वरच्या त्या लाकडी कमानी बघितल्यावर जीभ वळेना.

“मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही, मावशी,” मी म्हणाले. “पुस्तकात वाचलंय तेवढंच ठाऊक आहे. कोळीण असेल, नसेल. आणि खरं सांगायचं तर मी इथे आज पहिल्यांदाच आलेय.”

“मना ठाव हाय,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दोन वरसां ठाव हाय. नात माजी सहावीत व्हती, त्या चैत्राला हितं येऊन टाल्या वाजवल्यान. हात लाल होईस्तवर. येकदा पन परत आली नाय. मी म्हनलं, बाई खोटं बोलली असंल. तर माज्यावरच चिडली. म्हनाली, आमच्या बाई खोटं बोलत नाय. माज्याच टालीत जोर नाय.”

चढताना तळहात घासणारी ती मुलगी मला आठवली.

“मागल्या साली पुन्ना तेच. घरी पन वाजवीत बसते, जोर यावा म्हनून. म्हनलं, आता मास्तरणीलाच न्यावी.” तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “तुना उघडी पाडायची असती तर बाजारात पाडली असती ना गं. पोरांसमोर कशाला? म्हनून ढोल लावला. पन तिला तेवढं सांग. माज्या सांगन्यानं ती ऐकत नाय.”

मला आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली आहे, पण इतकी कधी नाही. शिळं पापलेट मी पकडायची आणि शेफारायची, आणि ही बाई दोन वर्षं माझ्या दारात बसून माझी गालफडं तपासत होती.

बाहेर नाच रंगात आला होता. नात त्यात नव्हती. ती स्तूपाच्या मागे, त्या सात साध्या खांबांपाशी उभी राहून ढोल थांबायची वाट बघत होती. मी तिच्याजवळ गेले. तेवढ्यात बाहेर वाजवणारे दम खायला थांबले.

“टाळीचं मी मनाने सांगितलं होतं,” मी म्हणाले. “ती सात वेळा येत नाही. मी इथे कधी आलेच नव्हते. आज आले.”

मग तिने एकेक विचारायला घेतलं.

“साप?”

“नव्हता.”

“हनुवटीवरचं?”

“मोरीवर पडले होते. डोंबिवलीत.”

तिने मान हलवली. मग दोन्ही हात उलटे करून तळव्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे बाई, माझी टाळी बरोबर होती?”

“बरोबर होती,” मी म्हणाले. “पहिल्यापासून बरोबर होती.”

मला वाटलं ती रडेल, नाहीतर निघून जाईल. तिने फक्त मोठा श्वास सोडला, आणि परीक्षेचा पेपर सोपा गेल्यासारखी हसली. मग म्हणाली, “आता तुम्ही वाजवा.”

मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि अकरा वर्षं जिचं वर्णन केलं होतं ती टाळी वाजवली. आवाज वर कमानींपर्यंत गेला, तिथे थोडा घुमला आणि विरला. दोघींनी कान देऊन ऐकलं.

“किती?” तिने विचारलं.

“एक,” मी म्हणाले.

“अर्धीच, बाई.”

मी पुन्हा एकदा वाजवून पाहिली. तिचंच बरोबर होतं.